खाटेपासून वेदीपर्यंत

माझ्या टेबलाच्या खणात निळ्या पुठ्ठ्याची एक वही असते. धर्मग्रामातील जे आजारी व वृद्ध रविवारच्या मिस्साला येऊ शकत नाहीत, त्यांची नावे तीत लिहिलेली आहेत. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सकाळची मिस्सा आटोपली की लहानशा डबीत पवित्र कम्युनियन घेऊन मी स्कूटर काढतो आणि वहीतील घरे एकामागून एक घेत जातो. नाशिकच्या या धर्मग्रामात मी आलो तेव्हा वहीत नऊ नावे होती. चार वर्षांत ती चौदा झाली. वही भरत चालली याचा मला, खरे सांगायचे तर, थोडा अभिमानच वाटत असे. आमचे फादर आजाऱ्यांना विसरत नाहीत, असे लोक म्हणत. आणि असे बोल कोणाच्या कानांना गोड लागत नाहीत? तो अभिमान कसा उतरला, ते सांगण्यासाठी ही लेखणी हाती घेतली आहे.

वहीतील सातवे नाव एका वृद्ध गृहस्थांचे. नाव येथे देत नाही. आम्ही सारे त्यांना काका म्हणतो. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये त्यांनी उभी हयात काढली. छापून आलेल्या नोटा तपासणे, त्यांतील दोष हेरणे आणि गड्ड्या मोजणे हे त्यांचे काम. निवृत्तीनंतर चर्चच्या मागच्या वस्तीत त्यांनी घर बांधले. पुढे फुप्फुसांच्या जुन्या विकाराने, ज्याला डॉक्टर सी.ओ.पी.डी. म्हणतात, त्यांना गाठले. चार पावले टाकली की धाप लागे. मुलगा व सून दोघेही सालस. त्यांनी काकांची खाट खिडकीशी लावली, जेवणाचे ताट खाटेवर, पाण्याचा तांब्या उशाशी आणि दूरदर्शन संच समोर. काकांना हात लांब करण्यापलीकडे काही करावे लागू नये, अशी त्या घरातील प्रेमाची व्यवस्था होती.

एका पहिल्या शुक्रवारी काकांनी मला विचारले, "फादर, मी परत चर्चला कधी येणार?"

मी उत्तर देण्याआधीच सून म्हणाली, "बाबा, आता कशाला जिवाला त्रास? फादर येतातच ना घरी."

मलाही ते पटले. मी म्हणालो, "काका, तुम्ही प्रभूकडे जाऊ शकत नाही, म्हणून प्रभू तुमच्याकडे येतो. यापेक्षा मोठं भाग्य कोणतं?"

काका काही बोलले नाहीत. त्यांची नजर खाटेखाली गेली. तेथे त्यांच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या आणि त्यांवर धूळ बसली होती. त्या धुळीने मला त्या रात्री झोपू दिले नाही, कारण अशीच धूळ मी पूर्वी एकदा पाहिली होती.

माझे गाव श्रीरामपूरच्या बाजूचे. २००४ साली माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला व उजवी बाजू लुळी पडली. तालुक्याच्या डॉक्टरांनी औषधे दिली आणि एका कागदावर व्यायाम लिहून दिले: हात इतक्या वेळा उचलायचा, बोटे उघडायची-मिटायची, आधाराने उभे राहायचे, रोज दोन-चार पावले टाकायची. तो कागद आम्ही भिंतीवरील पवित्र हृदयाच्या तसबिरीमागे जपून ठेवला. आम्ही भावंडांनी तो पुन्हा कधी काढला नाही. आईने जन्मभर उन्हातान्हात कष्ट उपसले होते; आता तिला सुख द्यायचे, असा आमचा निर्धार होता. ती उठू लागली की कोणीतरी म्हणे, "आई, तू पडून राहा. आम्ही आहोत ना." एकदा मी सुट्टीवर गेलो असता ती डाव्या हाताने केरसुणी मागत होती. "अंगण किती घाण झालंय रे," असे ती अडखळत म्हणाली. मी हसून तिच्या हातून केरसुणी काढून घेतली व वहिनीकडे दिली.

सहा महिन्यांत तिचा खांदा आखडला. पुढे पाठीला जखमा झाल्या. अकराव्या महिन्यात छातीत कफ साचून ती गेली. रुग्णाभ्यंग मीच दिला. अंत्यविधीच्या प्रवचनात मी तिच्या सहनशीलतेची थोरवी गायिली आणि तिने एका शब्दाने तक्रार केली नाही, असे सांगितले. आज ते वाक्य मला टोचते. तिने तक्रार केली होती. तिने केरसुणी मागितली होती. तिच्या भाषेत तक्रार तशीच असते. आम्ही ती ऐकली नाही. व्यायामाने आई वाचली असती असा दावा मी करणार नाही. पण तिचे उरलेले दिवस वेगळे गेले असते, एवढे मला ठाऊक आहे.

आपल्या घरांत "आराम" आणि "माया" हे शब्द जणू एकाच अर्थाचे झाले आहेत. याला इतिहासही आहे. आमच्या शेजारचे देवळाली घ्या. कोरड्या, थंड हवेसाठी मुंबईच्या अनेक समाजांनी तेथे आरोग्यभवने बांधली. क्षयावर औषध नव्हते त्या काळी स्वच्छ हवा, पौष्टिक अन्न व पूर्ण विश्रांती हाच उपचार होता. पुढे औषधे आली. आणि विश्रांतीची ती जुनी समजूत मोडली तीही आपल्याच देशात. १९५९ साली मद्रासच्या क्षयरोग संशोधन केंद्राचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गरीब वस्तीत, आपापल्या घरी राहून औषधे घेणारे रुग्ण आणि सॅनिटोरियममध्ये विश्रांती व चांगले अन्न मिळालेले रुग्ण यांची तुलना केली, तेव्हा घरचे रुग्ण जवळजवळ तितकेच बरे झाल्याचे दिसले. गुण औषधाचा होता, खाटेचा नव्हता.

इतरत्रही हेच घडत होते. १९४७ साली डॉ. रिचर्ड ॲशर या इंग्लिश वैद्याने अंथरुणाला खिळण्याचे धोके सांगणारा लेख लिहिला. शिरांत रक्ताच्या गुठळ्या होणे, पाठीला जखमा पडणे, सांधे आखडणे, हाडे ठिसूळ होणे, छातीत कफ साचणे आणि मन खचणे, अशी ती मालिका होती. तो लेख मी वाचला तेव्हा त्यात मला माझ्या आईचे अकरा महिने ओळीने दिसले. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णाला कित्येक आठवडे निजवून ठेवण्याचा त्या काळी दंडक होता. १९५२ साली अमेरिकेतील डॉ. लेव्हिन व डॉ. लाउन यांनी रुग्णांना लवकर खुर्चीत बसवले आणि तो दंडक ढिला झाला. १९५३ साली डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर अभ्यास केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढ-उतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो, असे त्यांना आढळले. १९६६ साली डॅलस येथे विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवले गेले. तीस वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाच जणांना पुन्हा तपासले. श्रम करण्याची शारीरिक क्षमता तीस वर्षांच्या वयाने जितकी घटली नव्हती, तितकी त्या तीन आठवड्यांच्या निजण्याने घटली होती! धडधाकट तरुणांची ही कथा. मग आपल्या आजी-आजोबांचे काय होत असेल?

माझी स्वतःची गोष्टही सांगून टाकतो, नाहीतर दुसऱ्यांना ब्रह्मज्ञान सांगितल्यासारखे होईल. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मला मधुमेह निघाला. नवल नव्हते. बारशापासून बाराव्यापर्यंत प्रत्येक घरी फादरांच्या पुढे गोडाची वाटी येते, आणि फादर दोनशे पावलांवरही स्कूटरने जातात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अभ्यासानुसार आपल्या देशात मधुमेहींची संख्या दहा कोटींवर गेली आहे. त्यांत मी एक. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या व रोज अर्धा तास चालायला सांगितले. गोळ्या मी नेमाने घेतल्या आणि चालणे ईश्वराधीन ठेवले. आपल्या भाषेत खाटल्यावर देणाऱ्या हरीची म्हण आहे, तिचा मी चांगला अनुयायी होतो. काकांच्या चपला पाहिल्यानंतर मात्र मी त्र्यंबक रोडवरील अनंत कान्हेरे मैदानावर, ज्याला नाशिककर अजूनही गोल्फ क्लब म्हणतात, पहाटे जाऊ लागलो.

डॉक्टरांना विचारले, "किती वेगाने चालू?" ते म्हणाले, "बोलता यावं, पण गाता येऊ नये, इतक्या वेगानं." मी हातात जपमाळ घेतली. प्रार्थना तुटू न देता ओठांनी म्हणता आली की वेग बरोबर. मध्येच दम तुटला की वेग जास्त. पाच रहस्यांची जपमाळ पूर्ण होईतो माझ्या मैदानाच्या फेऱ्याही होतात. चालणारा स्नायू रक्तातील साखर स्वतः ओढून घेतो. त्यासाठी त्याला इन्सुलिनची पूर्वीइतकी वाट पाहावी लागत नाही, हे मला डॉक्टरांनी समजावले. म्हणून जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची शतपावली मधुमेह्याला विशेष मानवते. आपल्या आज्यांना हे ठाऊक होते. कारण तेवढे माहीत नव्हते.

पण नुसत्या आकड्यांनी माणूस खाटेवरून उठत नाही. त्याला उठण्यासाठी काहीतरी निमित्त लागते. हे मी प्रथम पाहिले ते पुण्याच्या सेमिनरीत शिकत असताना, सुट्टीत वरोऱ्याच्या आनंदवनात गेलो तेव्हा. १९५१ साली बाबा आमटे व साधनाताई आपली दोन लहान मुले आणि सहा कुष्ठरोगी यांना घेऊन त्या खडकाळ माळावर राहायला गेले. त्यांनी आधी विहीर खणली. ज्या हातांना समाज भिक्षा घालत होता, त्या हातांत बाबांनी कुदळ दिली. मी गेलो तेव्हा एक म्हातारा हातमागावर बसला होता. बोटे झडलेली, तरी धोटा सरासर फिरत होता. मी सेमिनरीतील मुलाला शोभेल अशा दयार्द्र स्वरात विचारले, "बाबा, त्रास होतो का?" तो म्हणाला, "त्रास बसून राहिलो की होतो, पोरा." तेव्हा ते वाक्य मी वहीत उतरवून घेतले. ते समजायला मला तीस वर्षे लागली.

त्याच काळात वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया केल्या. ब्रँड यांनी एक मोठी गोष्ट दाखवली. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडत नाहीत. संवेदना गेल्यामुळे न कळता होणाऱ्या इजांनी ती जातात. म्हणून हातपाय वापरायचे, पण डोळ्यांत तेल घालून जपायचे. आजच्या मधुमेह्याला हाच धडा लागू आहे. त्याचेही पाय बधिर होतात. त्याने चालावे, पण मऊ तळव्याची, न चावणारी पादत्राणे घालून. आणि रोज रात्री तळपाय पाहून झोपावे.

योहानकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील अडतीस वर्षे आजारी असलेल्या माणसावर मी किती वेळा प्रवचन केले असेल! परंतु काकांच्या निमित्ताने तो उतारा मी पुन्हा वाचला, तेव्हा दोन गोष्टी नव्याने दिसल्या. प्रभूने त्याला आधी विचारले, तुला बरे व्हायचे आहे का? मी माझ्या चौदा जणांपैकी एकालाही हे विचारले नव्हते. आणि बरे करताना प्रभूने त्याला नुसते चालायला सांगितले नाही. ज्या बाजेवर तो अडतीस वर्षे पडून होता, ती उचलायला सांगितली. पेत्राच्या सासूचेही तसेच. ताप निघाला आणि ती उठून सर्वांची सेवा करू लागली. प्रभूच्या हाती बरा झालेला माणूस कामाला लागतो. सेवा घेणारा सेवा देणारा होतो, तेव्हाच त्याचे उठणे पुरे होते. आजाऱ्यांचा आश्रयदाता संत कामिल्लुस याच्या पायाची जखम जन्मभर भरली नाही. तरी शेवटच्या काळात तो या खाटेवरून त्या खाटेकडे पाय ओढत रुग्णांची विचारपूस करी.

पुढच्या भेटीत मी काकांना तो प्रश्न विचारला. ते म्हणाले, "फादर, यायचंय. पण वाटेत धाप लागली तर लोक बघतील."

मी त्यांच्या मुलाला घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसं पूर्वीसारखी होणार नाहीत. पण धाप लागते म्हणून माणूस बसतो, बसल्यानं पायांचे स्नायू दुबळे होतात, दुबळ्या स्नायूंना जास्त प्राणवायू लागतो, म्हणून धाप आणखी लागते. हे चक्र तोडता येतं." त्यांनी एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे पाठवले. तिने काकांना नाकाने श्वास घेऊन, ओठांचा चंबू करून तो सावकाश सोडायला शिकवले. खुर्चीतून हात न टेकता उठण्या-बसण्याचा व्यायाम दिला. बोटाला लावून प्राणवायू मोजण्याचे छोटे यंत्र कसे वाचायचे ते सांगितले. पहिला आठवडा खाट ते उंबरठा. मग अंगणातील कडुनिंब. मग गल्लीचे टोक.

काकांच्या घरापासून चर्च सुमारे तीनशे पावलांवर. ती तीनशे पावले एका दमात होणे शक्य नव्हते. तेव्हा वाटेवरील तीन घरांनी एक युक्ती केली. रविवारी सकाळी आपापल्या दारापुढे त्यांनी एकेक प्लॅस्टिकची खुर्ची मांडली. यात माझे काही श्रेय नाही. ही कल्पना त्या घरांतील बायकांची. त्यांपैकी दोन घरे आपल्या धर्माचीही नाहीत.

हे सारे सरळ रेषेत घडले असे समजू नका. डिसेंबरच्या थंडीत काकांना छातीचा संसर्ग होऊन नऊ दिवस रुग्णालयात राहावे लागले आणि पुन्हा खाटेपासून आरंभ करावा लागला. सून रडून मला म्हणाली, "फादर, तुम्ही बाबांना मारणार." त्या वाक्याने मी हादरलो. डॉक्टरांनी समजूत घातली की हा संसर्ग चालण्यामुळे झालेला नव्हता. तरी पुढे काय करायचे, तो निर्णय मी काकांवर सोडला. त्यांनी दुसऱ्या दिवशी सुनेला चपला पुसायला सांगितल्या.

फेब्रुवारीतील एका साध्या रविवारी, शुभवर्तमान वाचून झाले असताना, काका मागच्या दाराने आत आले व शेवटच्या बाकावर बसले. कम्युनियनच्या वेळी ते रांगेत उभे राहिले. पाच महिने मी ज्यांच्या खाटेपाशी गेलो, ते वेदीपाशी माझ्यासमोर उभे होते. माझा आवाज फुटेना.

मिस्सानंतर ते म्हणाले, "फादर, आलो खरा. आता काम द्या." गेली दोन वर्षे रविवारची दानपेटी काका मोजतात. सॅक्रिस्टीत टेबलाशी बसून नोटा सरळ करतात, फाटक्या बाजूला काढतात, एखादी नोट उजेडाकडे धरून पाहतात. फुप्फुसे तशीच आहेत. पण घरात धाप कमी लागते आणि सून आता त्यांच्याकडून भाजी निवडून घेते.

या यशाने माझ्या डोक्यात थोडे वारे शिरले, हेही कबूल केले पाहिजे. वहीतील एका भगिनीला, जिची प्रकृती २०२१ मध्ये कोविड झाल्यापासून खालावली होती, मी काकांचे उदाहरण देऊन चालायला भाग पाडले. ती माझ्या शब्दाखातर दोन दिवस चालली आणि तीन आठवडे अंथरुणावरून उठली नाही. दीर्घकालीन थकव्याचे काही विकार असे असतात की त्यांत श्रमाने आजार बळावतो. ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्यसंस्थेने २०२१ साली अशा रुग्णांसाठी ठरीव मापाने व्यायाम वाढवत नेण्याची जुनी शिफारस मागे घेतली. हे मला नंतर कळले. मी तिच्या घरी जाऊन तिची क्षमा मागितली. तिला विश्रांती हेच औषध आहे, आणि प्रभू तिच्या खाटेपाशी येतो यात काही उणे नाही.

म्हणून वाचकहो, कोणीही हा लेख दाखवून आपल्या आजाऱ्याला दामटू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दीर्घकालीन आजार असलेल्या प्रौढांसाठीही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम सुचवले आहेत. पण त्यासोबत असेही म्हटले आहे की ज्याला तेवढे जमत नाही त्याने आपल्या शक्तीप्रमाणे करावे. काहीच न करण्यापेक्षा थोडे बरे. आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखले, भोवळ आली, नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली तर थांबा. मधुमेह्याच्या खिशात साखरेची पुडी असू द्या. आणि आजाऱ्याच्या सोबतीने चाला; पुढे चालून हाका मारू नका.

माझ्या वहीत आता अकरा नावे आहेत. दोघे प्रभूघरी गेले आणि एक नाव काकांचे. ते मी खोडलेले नाही. त्यापुढे फक्त तारीख लिहिली आहे. गावच्या घरी गेलो तेव्हा भावाला सांगून पवित्र हृदयाच्या तसबिरीमागचा आईचा कागद काढला. शाई उडाली आहे, पण "रोज दोन-चार पावले" एवढे शब्द वाचता येतात. तो मी वहीत ठेवला आहे.

गेल्या रविवारी पहाटे चर्चकडे जाताना पाहिले, तर दुसऱ्या खुर्चीवर कोणीतरी बसले होते. काका नव्हेत. गुडघेदुखीने वर्षभर घराबाहेर न पडलेल्या एक आजी होत्या. काठी मांडीवर आडवी ठेवून त्या दम घेत होत्या. मी स्कूटर थांबवली, तशा त्या म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं फादर. मी येते."